विसावं लेकरू

हुलगेवाडी, तालुका मंगळवेढा
१४ सप्टेंबर, रविवार, दुपारी लिंबाखाली बसून

सोलापूर मुक्कामी आमचे थोर व्याही अण्णाराव गुरुजी यांना हुलगेवाडीच्या धनाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (व्याह्यांनी उराउरी भेटायची रीत हाय, पाया पडायची न्हाय, हे मला ठावं हाय. पण तुमी पडला गुरुजी आन् मी पडलो चौथी पास, तवा चालतंय.) तुमचं गुडघं कसं हायती? नवी पेठेतला तो उभा जिना अजून चढवतोय का लेकानं खालच्या मजल्यावर सोय केली? विहीणबाईंची साखर आटोक्यात असंल. हितं आमी समदी खुशाल हाय. पाऊस बरा झाला, ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय, मेंढरं अंगानं भरल्यात, आन् तुमची लेक पूनम नेहमीसारखी घरादाराला वळण लावतीया. तुमच्याकडं माझं काय बी काम न्हाय. सहज आठवण आली म्हणून लिहितोय.

फोन का केला न्हाय म्हणाल, तर आमच्याकडं रेंज फकस्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येती आन् टाकीखाली बायका धुणं धुत्यात. मागल्या म्हयन्यात मी तितं उभा राहून बाजाराला गेलेल्या अजिनाथला, म्हंजी तुमच्या जावयाला, माझं पोट बिघडल्याचं सांगितलं, तर सांजच्याला तीन घरनं ओवा आला. आता जी गोष्ट सांगणार हाय ती तशी फिरण्याजोगी न्हाय, म्हणून कागद. कागद आपल्या नातीच्या, सुकन्याच्या, इंग्रजी शाळेच्या वहीतला हाय. त्याला चार चार रेघा हायत्या, त्यातल्या दोन मला लागत न्हाईत, तिकडं ध्यान देऊ नका. आन् तांबडं पेन आधी खिशातनं काढून विहीणबाईंकडं द्या. मागल्या पत्रात तुमी सोळा चुका काढून पत्र मलाच माघारी धाडलं हुतं, ते अजून सलतंय.

तर गोष्ट आमच्या झेडपीच्या शाळेची. बारशाला आला तवा तुमी बघितली असंल, बिरोबाच्या देवळामागं दोन खोल्या. भिंतीवर आगगाडी रंगवलीय, खिडक्यांचं डबं केल्यात आन् दाराचं इंजिन. (आगगाडी बघून पोरं पळत येतील असा रंगवणाऱ्याचा अंदाज हुता. पोरं बघत्यात बी, पण पिवळ्या व्हॅनच्या खिडकीतनं.) कारण तीन वरसामागं फाट्यावर इंग्रजी शाळा निघाली आन् सकाळी सात चाळीसला तिची व्हॅन गावात यायला लागली. पहिल्या दिवशी व्हॅनपुढं नारळ कुणी फोडला इचारा. मीच, ग्रामपंचायत सदस्य या नात्यानं. आन् व्हॅनमध्ये पहिलं पाऊल कुणी टाकलं, तर तुमच्या माझ्या सुकन्यानं. गावाला बघून गाव चढलं. झेडपीच्या शाळेत राहिली एकोणीस पोरं आन् एक बाई. बाईंचं नाव चंद्रिकाबाई, अक्कलकोटकडच्या, शिकवत्यात मराठीत आन् रागावत्यात कानडीत, त्यामुळं पोरांना दोन्ही येतंय.

जूनमध्ये वरनं पत्र आलं. तीस सप्टेंबरला पट वीसच्या आत असला तर आमची शाळा ओढ्यापल्याडच्या गावातल्या शाळेत मिसळायची. कागदावर मिसळायला काय, पीठ आन् पाणी बी मिसळतंय. पण त्या एकोणीसात अकरा मुली हायत्या, आन् त्यांचं बाप मला ठावं हायती. ओढ्याला पाणी असताना एक बी पोरगी पल्याड धाडणार न्हाईत, आन् पाणी उतरल्यावर म्हणतील, आता घरीच राहू दे. हे मी गमतीनं लिहीत न्हाय. गुरुजी, मी त्याच दोन खोल्यांत चार वरसं बसलो. पाचवीला ओढ्यापल्याड जायचं हुतं, बापानं मेंढरामागं धाडलं. तुमाला हे पत्र लिहितोय ते त्या चार वरसांच्या जिवावर, न्हायतर तुमाला अंगठा आला असता.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा बोलावली. विषय क्रमांक चार, जिल्हा परिषद शाळा वाचविणेबाबत. सभा दहाला हुती. दहाला सभेत ग्रामसेवक, चंद्रिकाबाई आन् एक कुत्रं. बाकी समदं गाव फाट्यावर, इंग्रजी शाळेत आपापल्या लेकरांचा झेंड्याचा नाच बघायला. (मी बी हुतो. सुकन्या फुलपाखरू झाली हुती, दुसऱ्या रांगेत, लई गोड दिसत हुती, पूनमनं फोटो धाडला असंलच.) साडेअकराला आमी समदं सदस्य त्याच पिवळ्या व्हॅनमधनं माघारी आलो आन् झेडपीची शाळा वाचवायला बसलो.

सरपंच बिरप्पानं तोंड उघडलं. शाळा कोणची निवडायची हा ज्याच्या त्याच्या घरचा हक्क, ग्रामपंचायत कुणाच्या चुलीत डोकावणार न्हाय, पण झेडपीची शाळा ही गावाची अब्रू, ती वाचलीच पायजे. (दुसऱ्याच्या लेकरांनी वाचवली पायजे, एवढंच म्हणायचं त्यानं बाकी ठेवलं. त्याचं दोन नातू व्हॅनमध्ये पुढच्या शिटावर बसत्यात.) मग सूचना यायला लागल्या. एक म्हणला झेडपीच्या पोरांना बी टाय द्या. दुसरा म्हणला शाळेचा फलक इंग्रजीत करा. तिसऱ्यानं सांगितलं, लोकांना व्हॅनची हौस हाय, तर झेडपीला बी व्हॅन लावा. शाळा घरापासनं दोन मिनिटांवर, व्हॅन जाणार कुटं? तर व्हॅननं गावाला दोन येढं मारून पोरं शाळेत सोडायची, म्हंजी आईबापाला शाळा लांबची वाटंल आन् मान राहील. ह्यावर पाऊण तास चर्चा झाली गुरुजी. व्हॅनचा रंग कसला असावा हितपर्यंत आलो.

शेवटाला चंद्रिकाबाई उठल्या. एवढंच म्हणल्या, "मला टाय नको, व्हॅन नको. एक मूल द्या." आन् खाली बसल्या. समद्यांनी माना खाली घातल्या. कुणी नख बघतंय, कुणी चप्पल. मला तवा बाईंचं वाईट वाटलं हे खरं, पण बिरप्पाला कोंडीत धरायची येळ हीच, हे बी ध्यानात आलं. दोन्ही एकदम झालं, त्यात पहिलं काय आन् दुसरं काय ते बिरोबाला ठावं. मी उठलो, कमरेची पिशवी सोडली आन् भरल्या सभेत भंडारा उचलला.

शहरात राहून तुमी इसरला असाल म्हणून सांगतो. आपल्यात भंडारा उचलून बोललेलं माघारी घेता येत न्हाय, कोर्टातलं येतंय. आन् एकानं उचलला की बाकीच्यांनी हात लावायचा, म्हंजी शपथ समद्यांची हुती. माझा डाव असा हुता की मी म्हणायचं, माझ्या घरचं लेकरू ह्या शाळेत विसावं बसंल, मग नऊच्या नऊ सदस्यांनी हात लावायचा, बिरप्पाचं दोन नातू व्हॅनमधनं उतरायचं, आन् समद्यांची पोरं उतरली की घरी पूनमला सांगायला मला तोंड राहील. डाव चांगला हुता की न्हाय? पण बिरप्पा कसला. त्यानं चिमूटभर भंडारा घेतला, तो माझ्याच कपाळाला लावला, म्हणला धनाजीअण्णांनी गावासाठी उचलला, गाव उपकार इसरणार न्हाय, ठराव मंजूर, चहा आणा. ग्रामसेवकानं लगेच लिहिलं, सदस्य श्री. धनाजी यांच्या घरचे मूल दाखल होईल. लोकांनी माझ्यावर मूठमूठ भंडारा उधळला. मी डोक्यापासनं पायापर्यंत पिवळा होऊन घरी आलो. पूनमनं इचारलं, मामा, हे काय? म्हणलं, देवळात गेलतो. शपथ घेतलेल्या अंगानंच खोटं बोललो, आन् तितनं खोट्याची चटक लागली.

मला कुणाचं भ्या न्हाय गुरुजी. लांडग्याला काठीनं हाणलाय. पण तुमची लेक नुसती चष्मा वर करून बघती तवा मी मेंढरं मोजायच्या निमित्तानं वाड्यात जातो. म्हणून पंधरा दिवस मी आडवाटा हुडकल्या. शपथ घरच्या लेकराची हाय, वय कुटं सांगितलंय? तवा आधी बाळाबाईला, म्हंजी आमच्या घरच्या मालकिणीला, नाव घालायला नेली. ती जन्मात शाळेत गेली न्हाय. धुतलेलं लुगडं नेसून, पाटी घेऊन आली. पण तिचं जन्मसाल कॉम्प्युटर घेईना, तीनदा घातलं, तीनदा त्यानं बाहीर टाकलं. बाळाबाई म्हणली, आलीय तर बसते. दिवसभर बसली, दुपारची खिचडी खाल्ली आन् मीठ कमी हाय म्हणून सांगितलं. तवापासनं रोज दुपारी खिचडीवर देखरेख करायला जाती. पट वाढला न्हाय, खिचडी सुधारली.

मग सुकन्याशीच बोलणी केली. पोरगी तुमच्यावर गेलीय, आधी अटी घातल्या. तीन कोकरांची नावं ती ठेवणार, पायमोजं घालणार न्हाय, आन् पाढा चुकला तर मी हसायचं न्हाय. समद्या कबूल केल्या. एक तारखेपासनं तिला मी झेडपीत बसवतोय, आईला न सांगता. अडचण एकच, घड्याळ. व्हॅन सात चाळीसला, शाळा दहाला. पूनमला वाटतंय मी नातीला व्हॅनपतूर पोचवतो. व्हॅनवाल्याला सांगून ठेवलंय की पोरीला ताप हाय. मधले सव्वादोन तास ती टाय, बूट आन् पाण्याच्या बाटलीसकट माझ्यासंगं मेंढरामागं. दुसऱ्याच दिवशी एका कोकरानं टाय खाल्ला. निम्मा ओढून काढला, निम्मा गेला. (त्याचं नाव तिनं प्रिन्सिपल ठेवलंय.) सांजच्याला व्हॅन साडेतीनला येती आन् झेडपी पाचला सुटती, तवा दीड तास बुडतो. तो मी सकाळी बांधावर भरून काढतो. बावीसपतूर पाढं झालं, मला सतरापतूरच येत हुतं, पुढचं मी बी शिकलो.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर इंग्रजीत निरोप आला. (दाखल्याच्या वक्ती पूनमचा फोन बिघडला हुता, म्हणून शाळेत नंबर माझा हाय. देव हाय म्हणायचं.) सुकन्याला वाचायला दिला. तिनं कलेक्टरणीवानी घडाघडा वाचला. म्हणलं, म्हंजी काय? म्हणली, आबा, अर्थ अजून शिकवला न्हाय. तीन वरसं झाली गुरुजी. शेवटाला झेडपीच्या चंद्रिकाबाईंनीच सांगितलं की पोरगी शाळेत का येत न्हाय असं इचारलंय. बाईंकडनंच इंग्रजीत उत्तर लिहून घेतलं, ताप हाय. त्या न्हाय म्हणत हुत्या, खोटं लिहिणार न्हाय म्हणल्या, मग कानडीत काय तरी बोलल्या आन् लिहिलं. आता बारा दिवस ताप चाललाय. काल निरोप आला की मोठ्या मॅडम सोमवारी घरी बघायला येणार हायत्या.

एक सांगू का? परवा चावडीवरनं येताना सुकन्या ग्रामपंचायतीच्या फलकापुढं उभी राहिली आन् समदा फलक वाचला. बोट लावून, सावकाश, पण वाचला. सदस्य म्हणून माझं नाव आलं तितं थांबली, माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, आबा, हे तुमी हाय. मला रडू आलं. हे बाळाबाईला बी सांगितलं न्हाय, तुमालाच सांगतोय.

पण पट अजून एकोणीसच. सुकन्याचं नाव कॉम्प्युटरात इंग्रजी शाळेत अडकलंय, तितनं सुटल्याबिगर हितं चढत न्हाय, आन् सोडवायला आईबापाच्या सह्या लागत्यात. अजिनाथ म्हणतो पूनम करंल तर मी करतो. पूनमला कुणी सांगायचं? सोळा दिवस राहिल्यात. पट भरला न्हाय तर भंडारा खोटा पडतो, आन् मी गावात मान वर करून फिरायचा न्हाय. माझं जाऊ द्या, त्या अकरा पोरी घरी बसत्यात, ते मला सोसायचं न्हाय. असो. प्रत्येक घरात काय ना काय असतंय. तुमी गुडघ्याला तेल लावत जावा. विहीणबाईंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमचाच,
धनाजी

ता. क. काम न्हाय म्हणलं हुतं, पण आता कागद उरलाच हाय म्हणून लिहितो. पूनम या जगात एका माणसाचं ऐकती आन् ते तुमी. तवा तीस तारखेच्या आत मंगळवेढ्याची एस.टी. धरून या, आन् तिला सांगा की पोरगी झेडपीत घाल. अवघड वाटत असंल तर एक आठवण करून देतो. तुमी चौतीस वरसं झेडपीत शिकवलं. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेऊन म्हणाला, झेडपीची शाळा ही माझी दुसरी आई. समदं सभागृह रडलं, मी बी रडलो. आन् म्हयन्याच्या आत आमच्या पडवीत बसून लेकीला सांगितलं, सुकन्याला इंग्रजीत घाल, पहिल्या वरसाची फी मी भरतो. तुमची दुसरी आई तवा कुटं गेलती? रागानं इचारत न्हाय. नारळ मी बी फोडलाय.

ता. क. दुसरं. मी लिहिलंय हे पूनमला कळू देऊ नका. सहज आलो म्हणा, शेंगाची चटणी आणलीय म्हणा. (आन् खरंच आणा, अर्धा किलो.) पोस्टाच्या पेटीचा भरवसा न्हाय, म्हणून पत्र उद्या पिवळ्या व्हॅनवाल्याकडं देतोय, तो मंगळवेढ्यात टाकंल. माणूस लई विश्वासाचा हाय, बारा दिवस ताप पोटात ठेवलाय त्यानं.

[ता. क. तिसरं, वेगळ्या अक्षरात]

आप्पा, मी पूनम. व्हॅनवाल्या दादांनी पत्र सरळ माझ्या हातात दिलं. तापाचंही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नसतं सांगितलं तरी अर्धा टाय आणि बुटातल्या लेंड्या बघून कळलंच असतं. चार तारखेलाच मी आणि ह्यांनी सह्या करून कागद चंद्रिकाबाईंकडे दिलाय. नाव परवा चढलं. पट वीस झाला. मामांना अजून कुणी सांगितलेलं नाही, मीच सांगू नका म्हटलंय. खरं कळलं की सकाळचे पाढे बंद होतील, आणि आजोबा-नात त्या दोन तासांत फार सुखात असतात. मोठ्या मॅडम घरी येणार हा निरोप मीच शाळेला सांगून पाठवायला लावलाय. थोडं घाबरलेलं बरं असतं त्यांना.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी सुकन्याला तिकडे घातली होती. तीन वर्षांत तिनं शाळेतलं एक अक्षर घरी सांगितलं नाही. आता जेवताना गप्प बस म्हणावं लागतं. तुम्हाला दोष देत नाही, माझीही हौस होतीच.

पण तुम्ही याच. गेल्या आठवड्यात बायकांची ग्रामसभा झाली. बाई एकट्या चार वर्ग सांभाळतात, दुसरे शिक्षक कधी येतील ते कुणालाच माहीत नाही, असा विषय निघाला आणि सगळ्या माना खाली घालून बसल्या. मग मीही मामांसारखाच भंडारा उचलला, तुमच्या नावानं. एक ऑक्टोबरपासून परीक्षेपर्यंत, रोज दहा ते पाच तुम्ही शिकवायचं. ठरावात लिहून झालंय, आता माघारी घेता येत नाही. गुडघ्यांची काळजी करू नका, आपल्या शाळेला जिना नाही. तांबडं पेन तेवढं आठवणीनं आणा.